राजगृहातील वस्तू आणि रमाबाई नगरातील गोधडी

दादर पूर्वेच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ पाहिले नाही असे कुटुंब आपल्या समाजात शोधावेच लागेल. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादनासाठी आलेला खेड्यातला माणूसही वाट वाकडी करून तिथे जातो आणि तळमजल्यावरचे संग्रहालय पाहतो. बाबासाहेबांच्या अस्थी, त्यांची छायाचित्रे, त्यांच्या वापरातील भांडी व इतर वस्तू पाहताना मोठ्या माणसांचे डोळे भरून येतात. लहान मुले मात्र थोड्याच वेळात कंटाळतात आणि “आई, चल ना” म्हणून पदर ओढू लागतात. यात मुलांचा काही दोष नाही. जपून ठेवलेली वस्तू लांबून पाहायची असते, तिला हात लावायचा नसतो. आणि ज्या गोष्टीला हात लागत नाही ती मुलांच्या मनात फार काळ राहत नाही.

म्हणून या वेळी आम्ही घाटकोपरच्या महिला मंडळांपुढे एक सूचना ठेवीत आहोत. राजगृहात पाहिलेली वस्तू कापडावर उतरवायची, तिच्या शेजारी आपल्या स्वतःच्या घरातली एक वस्तू उतरवायची, आणि असे चौकोन जोडून विहारात सर्वांनी मिळून एक गोधडी शिवायची. काम साधे आहे. खर्च नाममात्र आहे. पण त्याची वेळ आजचीच आहे, उद्याची नाही.

आजचीच का? रमाबाई नगराकडे पाहा. माता रमाबाई आंबेडकर नगर व कामराज नगर यांच्या पुनर्वसनाचे काम एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण यांनी मिळून हाती घेतले आहे. पक्के घर मिळणार याचा आनंद कोणाला होणार नाही? पण घर रिकामे करून भाड्याच्या खोलीत जायचे म्हटले की सामानाची छाननी सुरू होते. टीव्ही, फ्रिज, कपाट जाते. मागे काय राहते? आजोबांची पत्र्याची पेटी, गिरणीत नेलेला डबा, वातीचा स्टोव्ह, आणि आजीने चार पावसाळे बसून शिवलेली वाकळ. पेटी भंगारवाला किलोवर घेऊन जातो. वाकळीला तोही हात लावत नाही, ती कचऱ्याच्या गाडीत जाते. बाबासाहेबांच्या घरातली वाटी आपण हात जोडून पाहतो आणि त्यांच्या हाकेला ओ देऊन ज्यांनी खेडे सोडले, त्या आपल्याच आजी-आजोबांच्या वस्तू उकिरड्यावर टाकतो. याचा विचार प्रत्येक घराने केला पाहिजे.

कापडाचा आणि आपला संबंध

कोणी म्हणेल, शिवणकाम हा बायकांचा फावल्या वेळेचा उद्योग, त्यात समाजाचे काय? आमचे म्हणणे असे की आपल्या समाजाचा इतिहास जेवढा कागदावर आहे तेवढाच कापडावर आहे.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, हे आपल्या घरातल्या पाचवीच्या मुलालाही ठाऊक असते. पण तिच्या दहाव्या अध्यायात काय आहे? चांडाळांनी मेलेल्या माणसांच्या अंगावरची वस्त्रे वापरावीत, असा नियम तिथे आहे. म्हणजे अंगावर काय घालायचे हेसुद्धा आपल्या हातात नव्हते. त्याच महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून आणि गळ्यातल्या-हातांतल्या जड दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते, ती पद्धत सोडा, ते दागिने सोडा, असे त्यांनी सांगितले. आणि आपल्या मायबहिणींनी ते लगेच ऐकले. लुगड्याची नेस बदलली. सभेतले ठराव पुष्कळ होतात, पण तो ठराव बायांनी अंगावर नेसून दाखवला.

गिरणीची गोष्टही तीच. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपली माणसे हजारोंनी होती, पण विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यात नवा दोरा ओवताना तो तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा दोरा इतरांना चालत नसे. मजुरी मात्र विणकाम खात्यात जास्त होती. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला आणि संपाच्या मागण्यांमध्ये तो घालायला पुढाऱ्यांना भाग पाडले. म्हणजे पहा, सारी मुंबई जे कापड नेसत होती ते विणण्याचा हक्कही मागून घ्यावा लागला. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्या संपाने अनेक घरांची चूल विझवली. गिरणगावातून उपनगरांत आलेल्या कितीतरी कुटुंबांच्या पेटीत आजही गिरणीचा पास, हजेरीचा बिल्ला, बोनसच्या कापडाचा तुकडा सापडेल. तो फेकू नका, एवढेच आमचे सांगणे.

आणि १४ ऑक्टोबर १९५६? त्या दिवशी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय जमला तो पांढऱ्या वस्त्रांत. ज्यांच्या घरी नवे कापड वर्षातून एकदा येत नसे, त्यांनी त्या दिवसासाठी पांढरे लुगडे आणि पांढरा सदरा मिळवला. मेलेल्याच्या वस्त्रापासून त्या पांढऱ्या लुगड्यापर्यंतची वाट आपण एकोणतीस वर्षांत चाललो.

नाव राजगृह, शिवण चीवराची

बाबासाहेबांनी आपल्या घराला ‘राजगृह’ हे नाव दिले. राजगृह ही मगधाची जुनी राजधानी, राजा बिंबिसाराचे नगर. विनयपिटकात या नगराशी जोडलेली एक गोष्ट आहे, ती शिवणकाम करणाऱ्या प्रत्येक भगिनीने लक्षात ठेवावी. तथागत राजगृहाहून दक्षिणागिरीकडे निघाले असता वाटेत मगधाची शेते लागली. बांधांनी आखलेले लहान-मोठे चौकोन, मधून जाणारे पाणंद रस्ते. भगवंतांनी आनंदाला विचारले, अशी चीवरे तुला करता येतील का? आनंदाने कापडाचे तुकडे त्या शेतांप्रमाणे जोडून दाखवले. तेव्हापासून भिक्खूंचे चीवर तुकडे जोडून शिवले जाते. तुकड्या-तुकड्यांचे वस्त्र कोणी चोरत नाही, विकत नाही, आणि ते ल्यालेल्याच्या मनात मोठेपणा येत नाही.

भिक्खू टाकून दिलेल्या चिंध्या वेचून, धुऊन, रंगवून वापरत. त्याला पांसुकूल म्हणतात. चांडाळाला चिंधी नेसायला लावणारा नियम अपमानासाठी होता. भिक्खूने स्वतःहून उचललेली चिंधी समतेसाठी होती. चिंधी तीच, पण तिच्यामागचा अर्थ पूर्ण उलटला. वर्षावास संपल्यावर कठिन चीवराचा जो विधी होतो, त्यात तर कापड मिळाले की संघाने त्याच दिवशी ते कापून, शिवून, रंगवून पूर्ण करायचे असते. सर्वांनी मिळून, एका जागी बसून. विहारात बसून चारचौघींनी गोधडी शिवणे हे परके काम नाही, हे यावरून ध्यानात यावे.

माता रमाईचे लुगडे

राजगृह म्हटले की माता रमाईची आठवण येतेच. १९३० नंतरच्या पहिल्या वर्षांत हे घर उभे राहिले. त्यापूर्वीची कितीतरी वर्षे परळच्या बी. आय. टी. चाळीतल्या लहानशा जागेत गेली. नव्या घराचे सुख रमाईला फार दिवस लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्यांचे निधन झाले.

रमाईच्या कापडाच्या दोन गोष्टी आपल्या घराघरांत सांगितल्या जातात. एक, छत्रपती शाहू महाराजांनी बाबासाहेबांना दिलेला जरीचा फेटा रमाई लुगडे म्हणून नेसून समारंभाला गेल्या, कारण नेसायला दुसरे धड वस्त्र नव्हते. दुसरी, लेकराच्या अंत्यविधीला नव्या कापडाला पैसे नव्हते तेव्हा त्या माउलीने आपल्या अंगावरच्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला. या गोष्टी आपल्या आयांनी जात्यावर आणि जयंतीच्या गाण्यांतून जिवंत ठेवल्या. फेटा आणि लुगड्याचा तुकडा कोणत्याही काचेच्या कपाटात नाहीत. त्या वस्तू जपायच्या तर त्या पुन्हा कापडातच करून ठेवल्या पाहिजेत, आणि ते काम रमाईच्या नावाने वसलेल्या वस्तीइतके दुसऱ्या कोणाला शोभणार आहे?

बाबासाहेबांच्या स्वतःच्या कपड्यांचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी जपलेल्या वस्तू पुढे वामनराव गोडबोले यांच्या हाती आल्या आणि नागपूरजवळच्या चिचोली येथील शांतिवनात ठेवल्या गेल्या. त्यांत कोट आहेत, हॅट आहे, टंकलेखन यंत्र आहे. लोखंड आणि लाकूड टिकते, पण कापडाला कसर लागते, दमट हवेने बुरशी चढते. म्हणून त्या कपड्यांवर तज्ज्ञांकडून रासायनिक प्रक्रिया करून घ्यावी लागली. मोठ्या संस्थेत ठेवलेल्या कापडाची ही कथा, तर आपल्या पोटमाळ्यावरच्या बोचक्याचे काय होत असेल?

जगात इतरांनी काय केले

असे काम दुसरीकडेही झाले आहे. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात काळ्या शेतमजूर स्त्रिया नवऱ्यांच्या फाटक्या कामाच्या कपड्यांतून गोधड्या शिवत. १९६६ साली, नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात असताना, त्यांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढली. त्याच भागातील गीज बेंड या वस्तीच्या गोधड्या पुढे मोठमोठ्या कलासंग्रहालयांत लागल्या आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल तिकिटांवरही आल्या. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात १९७३ साली लष्कराने सत्ता बळकावली आणि माणसे बेपत्ता होऊ लागली. तेव्हा त्यांच्या आया-बहिणींनी एकत्र बसून चिंध्यांची चित्रे शिवली. जे वर्तमानपत्रात छापता येत नव्हते ते त्यांनी सुईने सांगितले. आपल्या शेजारी, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ भागात, आफ्रिकन वंशाच्या सिद्दी समाजातील स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुले लावल्याशिवाय त्यांची कवंदी पुरी होत नाही. आपली आजी गोधडी कडेने सुरू करून मध्यावर संपवायची, त्याही तशाच शिवतात.

काम कसे करावे

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो आणि विहारा-विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. त्याच बैठकीला ही जोड द्यावी. एकीने वाचावे, बाकीच्यांनी शिवत ऐकावे. हात गुंतले की कान मोकळे होतात, हा प्रत्येकीचा अनुभव आहे.

पहिल्या रविवारी पंधरा-वीस जणींनी मुलांना घेऊन राजगृहाला जावे. घाटकोपरहून लोकलने दादर, तिथून पूर्वेला चालत. सोबत प्रत्येक मुलाला एक वही आणि पेन्सिल द्यावी. प्रत्येकाने एकच वस्तू निवडावी, तिच्यापुढे दहा मिनिटे उभे राहावे आणि तिची बाह्यरेषा काढावी. एक वस्तू नीट पाहिलेला मुलगा शंभर वस्तू धावत पाहणाऱ्यापेक्षा जास्त घेऊन घरी येतो. ते आंबेडकर कुटुंबीयांचे राहते घरही आहे, म्हणून गडबड करू नये, नियम विचारूनच वागावे. ७ जुलै २०२० रोजी अज्ञात माणसांनी त्या घराच्या काचा आणि कुंड्या फोडल्या होत्या, हे मुलांना सांगावे. घर जपणे म्हणजे काय, ते त्यांना तिथेच कळेल.

दुसऱ्या रविवारी प्रत्येकाने घरातली एक जुनी वस्तू विहारात आणावी आणि ती कोणाची, कुठून आली, हे उभे राहून सांगावे. आजी-आजोबा असतील तर त्यांनाच बोलवावे. एका मुलीने हे सर्व वहीत लिहून घ्यावे: वस्तू, माणसाचे नाव, गाव, गिरणी किंवा काम, घराचा क्रमांक. उद्या इमारत उभी राहील, गल्ल्या जातील, क्रमांक बदलतील. ही वही राहील.

तिसऱ्या रविवारपासून शिवण. बारा इंचांचा एक चौकोन धरावा. कापताना शिवणीसाठी चारी बाजूंना अर्धा इंच सोडून तेरा इंच कापावा. चोवीस चौकोन झाले की चार फूट बाय सहा फुटांची गोधडी होते. बारा चौकोन राजगृहातल्या वस्तूंचे, बारा आपल्या घरांतल्या वस्तूंचे. वस्तूचा आकार रंगीत कापडातून कापून, कडा आत दुमडून, बारीक टाक्यांनी चौकोनावर बसवावा. जुने सुती कापडच घ्यावे, टेरिकॉट घेऊ नये. त्यातून सुई नीट जात नाही. गडद रंगाचे कापड आधी वेगळे धुऊन वाळवावे, नाहीतर पहिल्या धुण्यात पांढऱ्यावर रंग उतरतो. एका नऊवारी लुगड्यातून सहा फुटांचे चार थर सहज निघतात: एक अस्तराला, तीन आत भरायला. पन्हा थोडा कमी पडला तर काठाची पट्टी जोडावी. सर्व थर जमिनीवर ताणून कच्चे टाके घालावेत आणि मग कडेपासून आत, चौकोनात चौकोन करीत धावदोरा घालत मध्यावर यावे.

चार गोष्टी मात्र पाळाव्यात. आजीचे लुगडे तिला विचारल्याशिवाय कापू नये. ती नाही म्हणाली तर नाही. बाबासाहेबांचा चेहरा गोधडीवर काढू नये, कारण गोधडी अंथरली जाते, पांघरली जाते, पायाखाली येते. चष्मा, लेखणी, वाटी, पुस्तक यांतूनही बाबासाहेब दिसतात. तयार झालेली गोधडी विहाराच्या भिंतीवर लावावी, पण ऊन लागेल तिथे नको. आणि सुईत दोरा ओवण्याचे, कापड कापण्याचे, चहा करण्याचे काम मुलग्यांना व पुरुषांनाही द्यावे. गोधडीखाली सगळेच झोपतात, मग शिवायला फक्त बायकाच का?

रमाबाई नगराच्या गोधडीत एक चौकोन कोऱ्या पांढऱ्या कापडाचा ठेवावा, असे आम्हांला वाटते. ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर रस्त्यावर आलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि दहा जण शहीद झाले. त्या चौकोनावर निळ्या दोऱ्याचे दहा टाके घालावेत, आणखी काही नको. पाहणारे मूल विचारील, हे काय? तेव्हा त्याला सांगावे.

पैशाची गोष्ट

शेवटी एक व्यवहाराची सूचना. आज शहरातल्या प्रदर्शनांत हाताने शिवलेली गोधडी मोठ्या किमतीला विकली जाते, आणि शिवणाऱ्या बाईच्या हातात त्यातले थोडेच पडते. म्हणून पहिली गोधडी विकायची नाही, ती विहाराची. दुसरी-तिसरी बचत गटाने विकायची ठरवली तर प्रत्येकीने किती तास काम केले हे वहीत लिहावे, तासाला मजुरी आधी ठरवावी, आणि मध्यस्थाला भाव सांगताना ती वही पुढे करावी. ज्यांच्या आजोबांना विणकाम खात्याचे दार बंद होते, त्यांच्या नातींनी आपल्या टाक्याचे मोल कमी करून घेऊ नये.

आषाढ पौर्णिमेला कापड गोळा करायला सुरुवात केली तर अश्विन पौर्णिमेला गोधडी तयार होईल आणि विहारात लावता येईल. तोपर्यंत कोणाचे घर रिकामे होत असेल, तर शेजारणीने एवढेच करावे: कचऱ्याची गाडी येण्यापूर्वी जाऊन ते बोचके उघडून पाहावे.

जयभीम!